लाइट में दिखाओ

नया बाजार, लश्कर, ग्वाल्हेर
संक्रांतीनंतरचा गुरुवार

प्रिय मालू,

तिळगूळ घे, गोड बोल. हे 'गोड बोल' नीट लक्षात ठेव, पुढे त्याचं काम आहे.

परवा फोनवर तू दोन गोष्टी सांगितल्यास. एक, चंदेरी पाहून ठेव, लाइट हवी. दुसरी, तुमच्या मंडळाच्या रविवारच्या मराठी शाळेत तुला व्याकरण दिलंय आणि तुझा नातू विचारतोय की 'शब्दयोगी अव्यय' म्हणजे प्रीपोझिशन का, आणि असेल तर ते शब्दाच्या मागून का येतं. चंदेरीचं पाहते. व्याकरणाचं मात्र फोनवर सांगता येईना, म्हणून हा कागद घेऊन बसले आहे. बाहेर धुकं इतकं आहे की समोरच्या दुकानाची पाटी दिसत नाही. गच्चीवर ऊन यायला अकरा वाजतात. तोवर दुसरं काम तरी काय!

इकडेही घरात तेच चालू आहे. नात सातवीत, तिची परीक्षा जवळ आली आहे आणि रोज संध्याकाळी 'पार्ट्स ऑफ स्पीच' नावाचं प्रकरण माझ्या मांडीवर येऊन पडतं. तिची पंचाईत तुझ्या नातवाहून मोठी. शाळेत नाउन, हिंदीच्या तासाला संज्ञा, आणि घरी मी नाम म्हणते. तिथे प्रीपोझिशन, हिंदीत संबंधबोधक, आमच्याकडे शब्दयोगी. कंजंक्शन, समुच्चयबोधक, उभयान्वयी. एकेका शब्दाला तीन-तीन नावं, जशी माहेरची, सासरची आणि लाडाची. आपणही हे तिन्ही डोक्यात घेऊनच वाढलो. शाळेत हिंदी, घरात मराठी आणि आजोबांच्या ट्रंकेतली तर्खडकरांची भाषांतर पाठमाला. आठवतं ना तिचं पिवळं पान, कडेला हात लावला की तुकडा हातात यायचा?

पहिल्या दिवशी मी तिला बाजारात नेलं. पुस्तक घरी ठेवून. म्हटलं, नामं शोध. आता आपल्या बाजाराचं नावच घे. 'नया' हे विशेषण, 'बाजार' हे नाम, दोन्ही मिळून विशेषनाम. पण मालू, यात नवं काय उरलंय? आपल्या आज्यांच्या वेळीही हा नयाच होता. विशेषण नावात शिरलं की त्याचा अर्थ पेन्शनीत निघतो, काम उरतं फक्त ओळख सांगायचं. पुण्याची नवी पेठ तरी कुठे नवी आहे!

मग तिला लश्कराचं सांगितलं. १८१०च्या सुमाराला दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या पायथ्याशी फौजेचा तळ टाकला. तळ उठलाच नाही, त्याचं शहर झालं. लष्कर हे साधं सामान्यनाम होतं, ते विशेषनाम होऊन बसलं. तसाच कंपू. शिंद्यांच्या कवायती पलटणींना कंपू म्हणत, तो 'कॅम्प'चाच भाऊबंद. म्हणजे एकाच शहरात तळ या अर्थाची दोन गावं, एक फारशी आणि एक फिरंगी. आणि मराठीत मात्र कंपू म्हणजे टवाळ पोरांची टोळी. नातीला हे इतकं आवडलं की तिच्या मैत्रिणींच्या व्हॉट्सॲप ग्रुपचं नाव आता 'कंपू' आहे. महाराजबाड्यातला बाडा म्हणजे आपला वाडाच, हे कळल्यावर तर ती दिवसभर हसत होती.

पण नामं सोपी गं. खरी अडचण पुढे.

इथे एका शिकवणीत तिला गुरुकिल्ली म्हणून सांगितलं होतं की शेवटी 'ली' आलं की ॲडव्हर्ब. झालं! 'फ्रेंडली', 'लव्हली' सगळी बिचारी क्रियाविशेषणात. उलट 'फास्ट'ला ली नाही म्हणून 'ही रन्स फास्ट'मधला फास्ट विशेषणात कोंबला. एका निबंधात तिने लिहिलं, 'माय मदर वर्क्स हार्डली'. तिला म्हणायचं होतं आई खूप कष्ट करते. लिहून झालं, आई काम करतेच कुठे! सुनेने वही वाचली आणि काही न बोलता कुकरची शिट्टी काढून ठेवली. त्या रात्री आम्ही पोहे खाल्ले.

शब्दाची शेपटी पाहून त्याचं काम ओळखायचं, ही सवय आपल्यालाही होतीच. आणि आपल्या भाषेत ती बरीचशी चालते, कारण आपला शब्द कामावर जाताना कपडे बदलून जातो. पांढरा शर्ट, पांढरी साडी, पांढरं कापड. विशेषण नामाच्या मागे मागे लिंग बदलत फिरतं. नाम विभक्ती नेसतं, क्रियापद काळ पांघरतं. इंग्रजीत हे फारसं उरलेलं नाही. तिथला शब्द घरच्याच कपड्यांत सगळीकडे जातो, दरबारात, बाजारात आणि स्मशानातही. त्याला तोंडावरून ओळखायला गेलं की फसगत ठरलेली.

हे मला तिला समजावता येईना. समजावलं ते एका दुकानाने.

सध्या लग्नसराई आहे. मामेबहिणीच्या लग्नाला तिला काही शिवायचं म्हणून आम्ही खाली कापडाच्या दुकानात गेलो. पांढऱ्या गादीवर बसलो, चहा आला. शेजारी एक बाई आपल्या मुलीसाठी कापड पाहत होत्या. दुकानदाराने गडद मरून रंगाचा ताका त्यांच्यासमोर उलगडला होता. बाई म्हणाल्या, "भैया, ज़रा लाइट में दिखाओ." दुकानदार उठला. बदामी काढलं, मोतिया काढलं, फिका गुलाबी, मलईसारखा पिवळा. सरसर पाच-सहा ताके उलगडले. बाई म्हणाल्या, "अरे नहीं भैया, लाइट में!" तो थकून म्हणाला, "बहनजी, इससे लाइट तो फिर कोरा लट्ठा ही होता है." बाईंनी मग त्याच्याकडे एक नजर टाकली, मरून कापडाचं टोक उचललं आणि ताका फरफटत दारापर्यंत गेल्या. तेव्हा नुकतं ऊन पडलं होतं. उन्हात धरून त्यांनी रंग पाहिला, आणि म्हणाल्या, यही दे दो.

दुकानात सगळे हसले. नात मात्र हसता हसता थांबली. माझा हात दाबून म्हणाली, "आजी, आंटीचा लाइट नाउन होता! अंकलने ॲडजेक्टिव्ह समजला!"

मालू, महिनाभर मी घसा फोडत होते, आणि ते असं दोन मिनिटांत झालं. आता तुझ्यासारखी चिकित्सक म्हणेल की दुकानदाराच्या 'लाइट में' मधला लाइटसुद्धा 'में' लागल्यामुळे नामासारखाच वागत होता. बरोबर आहे. 'फिक्क्यामध्ये दाखवा' म्हणतो तसं ते. पण मुलीच्या डोक्यात दिवा लागला होता, तो मी फुंकून टाकणार नव्हते.

घरी आल्यावर आम्ही त्या एका शब्दाच्या मागे लागलो. 'इन द लाइट' मध्ये नाम. 'लाइट कलर' मध्ये विशेषण. 'लाइट द लॅम्प' मध्ये क्रियापद, दिवा लाव. 'ट्रॅव्हल लाइट' म्हणजे थोडक्या सामानानिशी प्रवास कर, तिथे क्रियाविशेषण. एकच शब्द, चार कामं, आणि अंगावरचा सदरा तोच. (तू येशील तेव्हा शेवटचं वाक्य ध्यानात ठेव. मागच्या वेळी स्टेशनवरून तुझ्या बॅगा आणताना माझ्या धाकट्याची पाठ धरली होती.)

मग दुकानातल्या पाट्यांकडेही तिचं लक्ष जायला लागलं. 'सूटिंग-शर्टिंग' पाहून म्हणाली, आजी, आयएनजी आहे, म्हणजे व्हर्ब ना? शर्टिंग म्हणजे कोणी शर्ट करतोय? तिला सांगितलं, हे नाम आहे, शर्टाचं कापड. ग्वाल्हेरच्या पोरीला सूटिंग समजावून सांगायची वेळ यावी! बिर्लांची ग्वालियर रेयॉन कंपनी १९४७ सालची, इथलीच, आणि ग्वालियर सूटिंग हे नाव एके काळी देशभरातल्या शिंप्यांच्या तोंडी होतं. ग्वालियर, रेयॉन, सिल्क, मॅन्युफॅक्चरिंग, या शब्दांची सुरुवातीची अक्षरं जोडून पुढे 'ग्रासिम' झालं. 'फिक्स रेट'ची पाटी पाहून तिने स्वतःहून सांगितलं की इथे 'फिक्स्ड' पाहिजे. मी म्हटलं, हे दुकानदाराला सांगायला जाऊ नकोस, तो रेट फिक्स नाही हे त्यालाही माहीत आहे.

आता तुझ्या शाळेकडे वळते. या प्रकाराला इंग्रजीत 'पार्ट्स' म्हणतात, हिंदीत 'शब्द-भेद' आणि आपण 'शब्दांच्या जाती'. मला आपला शब्द कधी आवडला नाही. जात म्हटलं की जन्माने चिकटलेली, मरेपर्यंत न सुटणारी. शब्दाचं तसं नाहीच. आणि गंमत अशी की मराठी व्याकरणाचा पाया घातला दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी. १८३६ साली त्यांचं 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' निघालं, लोक त्यांना मराठीचे पाणिनी म्हणतात. हेच दादोबा १८४९ मध्ये मुंबईत निघालेल्या परमहंस सभेचे एक म्होरके. सभा गुप्त, आणि आत यायचं तर जातपात मानत नाही याची खूण म्हणून पाव खायचा! ज्यांनी जात मोडायला पाव खाल्ला त्यांच्या व्याकरणाच्या पोटी 'शब्दांच्या जाती' याव्यात, हे माझ्या मनातून जात नाही. (ट्रंकेतली पाठमाला दादोबांची नव्हे, बरं का. ती द्वारकानाथ राघोबा तर्खडकरांची. आपण लहानपणी दोघांना एकच समजत होतो.)

मला 'पार्ट' बरा वाटतो. इंग्रजीत त्याचा मूळ अर्थ नुसता भाग, तुकडा. पण आपल्या कानाला पार्ट म्हणजे नाटकातला पार्ट. तुला आपल्या गणेशोत्सवातलं नाटक आठवतं? पहिल्या अंकात तू राजमाता, आणि तिसऱ्या अंकात पहारेकरी आजारी पडला म्हणून त्याचीही नक्कल तूच पाठ केलीस. मिशी चिकटवायला वेळ नव्हता, काजळाने काढली. साडीवरच भाला घेऊन उभी राहिलीस. प्रेक्षकांतल्या एकालाही प्रश्न पडला नाही की राजमाता दारात का उभी! तू कुठे उभी आहेस आणि काय करते आहेस, एवढ्यावरून त्यांनी ओळखलं. इंग्रजी शब्द म्हणजे तिसऱ्या अंकातली तू. साडी तीच, पार्ट दुसरा.

नातीला हे सांगितल्यापासून ती विचारते, "आजी, हा शब्द इथे कोणता पार्ट करतोय?" आणि हाच प्रश्न बरोबर आहे. 'हा शब्द कोण आहे' असं विचारून उपयोग नाही.

हे काही मी नवं शोधलेलं नाही. त्या लाल पुठ्ठ्याच्या 'रेन अँड मार्टिन'मध्ये प्रकरणाच्या सुरुवातीलाच म्हटलंय की वर्गवारी शब्दाच्या वाक्यातल्या कामावरून होते. पण आपण ती ओळ ओलांडून थेट यादी पाठ करायला घेतली. आपल्याला तेव्हा वाटायचं की हे कोणी चष्मेवाले खडूस मास्तर असणार. त्यातले पी. सी. रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात होते, कराचीत मुख्याध्यापक होते, आणि फ्रेंच फौजेतल्या धाडसाची 'बो जेस्ट' ही १९२४ची गाजलेली कादंबरी त्यांचीच. वाळवंटातल्या किल्ल्यावर गोळीबार लिहिणारा माणूस आपल्याला ॲब्स्ट्रॅक्ट नाउनची उदाहरणं देत होता! हे कळल्यावर माझा त्या पुस्तकावरचा राग निम्मा झाला.

शब्दांच्या जातींचा आठ हा आकडासुद्धा काही आकाशातून पडलेला नाही, हे तुझ्या नातवाला जरूर सांग. ग्रीकांनी आठ केले. त्यांत आर्टिकल होतं, पण विशेषण वेगळं नव्हतं, ते नामातच जमा. पुढे लॅटिनवाल्यांना आर्टिकल सापडेना, कारण त्यांच्या भाषेत ते नव्हतंच. मग उद्गारवाचकाला वेगळं आसन देऊन आठाची पंगत पुरी केली. इंग्रजीत लिंडले मरेने १७९५च्या व्याकरणात आर्टिकल धरून नऊ सांगितले. हा अमेरिकेतला वकील, इंग्लंडात यॉर्कजवळ येऊन राहिला आणि तिथल्या मुलींच्या एका शाळेसाठी त्याने ते पुस्तक लिहिलं. म्हणजे त्याच्याही समोर माझ्या नातीसारखीच कोणी पोर बसलेली असणार. रेन-मार्टिनने पुन्हा आठ केले, आर्टिकल विशेषणाच्या खोलीत ढकललं. आणि आपल्याकडे? यास्काने चारच सांगितले, नाम, आख्यात, उपसर्ग, निपात. पाणिनीने तर दोनांत उरकलं. ज्याला नामाचे प्रत्यय लागतात ते सुबंत, ज्याला क्रियापदाचे लागतात ते तिङंत. अव्ययाला लागलेला प्रत्यय गळून गेला असं म्हणायचं की तेही पहिल्या घरात. पाणिनीला ते परवडलं, कारण संस्कृत शब्द कपडे घातल्याशिवाय घराबाहेर पडत नाही.

एक सांगायचं राहिलं, आणि ते सांगताना मला थोडी ऐट येते. हिंदीचं मोठं व्याकरण कामताप्रसाद गुरूंचं, ते काशीच्या नागरी प्रचारिणी सभेने काढलं, १९२० साली. गुरू सागरचे, म्हणजे आपल्याच बाजूचे. ते लिहिताना त्यांच्यासमोर मोरो केशव दामल्यांचं १९११चं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' होतं. तेव्हा वर्गात आपण 'मराठी घरच्या मुली हिंदीत कच्च्या' हे जे ऐकून घेत होतो ना, तेव्हा फळ्यावरच्या त्या संबंधबोधकाच्या मागे एक मराठी माणूस उभा होता.

आता शब्दयोगी. तुझा नातू विचारतो ते रास्त आहे. प्रीपोझिशन शब्दाच्या पुढ्यात बसतं, 'अंडर द टेबल'. आपलं मागून येतं आणि नुसतं येत नाही, चिकटतं, टेबलाखाली. शिवाय येता येता टेबलाचा 'टेबला' करून ठेवतं. म्हणून त्याचं नाव जागेवरून न ठेवता योगावरून ठेवलं, शब्दाला जोडून येणारं. मला हे नाव इंग्रजीहून सरस वाटतं. त्याला सांग, हे मागचं प्रीपोझिशन आहे असं समजू नकोस, दोघांचं काम एक आणि बसायची जागा वेगळी. इंग्रजी जावई पंगतीत आधी बसतो, मराठी व्याही मागून येऊन पाटाला पाट लावतो.

आणि हेच 'खाली' एकटं फिरायला निघालं की क्रियाविशेषण. 'खाली बस.' इथे जोडीला कोणी नाही. इंग्रजीतही तसंच, 'डाऊन द स्ट्रीट' आणि 'सिट डाऊन'. 'डाऊन' म्हटल्यावर आठवलं, इथे रोज डबरा, मुरैना, भिंडहून नोकरीला येणारी माणसं काय म्हणतात? "मैं अप-डाउन करता हूँ." आपणही म्हणतो, तो मुरैन्याहून अप-डाऊन करतो. रेल्वेच्या वेळापत्रकातली दोन विशेषणं, त्यांना करणे जोडलं आणि एका माणसाची सगळी नोकरी त्यात मावली.

हे 'करणे' फार मोठं खातं आहे बघ. इंग्रजी क्रियापद आपल्या उंबऱ्याच्या आत आलं की क्रियापदपण बाहेर काढून ठेवतं. कॅन्सल केलं, ॲडजस्ट कर, सेव्ह करून ठेव. कॅन्सलला आपण काळ लावत नाही, लिंग लावत नाही. ते बसून राहतं आणि सगळी धावपळ करणे करतं. म्हणून मग आपली मुलं उलट जाताना घसरतात. अभ्यास करते, म्हणून 'आय ॲम डूइंग स्टडी'. त्याच्याशी लग्न केलं, म्हणून 'मॅरिड विथ हिम'. त्याबद्दल चर्चा केली, म्हणून 'डिस्कस्ड अबाउट इट'. नुसतं चूक म्हणून लाल रेघ मारण्यापेक्षा हा 'शी' आणि हा 'बद्दल' कुठून आला ते दाखवलं की मूल पुन्हा सहसा घसरत नाही. नातीला मी तीन रकान्यांत लिहून दिलं, मराठी, हिंदी, इंग्रजी. शेजारची दोन मुलंही आता येऊन बसतात. त्यांच्या घरी बुंदेली आहे, ब्रज आहे. त्यांचा चौथा रकाना त्यांनीच आखला.

तक्रार एकच. मी शिकवलं की 'माय बुक' मधला माय हे विशेषण. नातीने तसं लिहिलं आणि गुण गेला, कारण तिच्या पुस्तकात त्याला 'डिटर्मिनर' म्हणतात. 'धिस', 'दॅट', 'सम', 'एव्हरी', आणि मरेचं ते आर्टिकल, सगळ्यांसाठी नवीन खोली बांधली आहे. मी आधी चिडले. मग विचार केला तर नव्या लोकांचं खरंच बरोबर आहे. 'बिग रेड बुक' म्हणता येतं, विशेषणं हवी तितकी लागतात. 'द माय बुक' म्हणता येत नाही. म्हणजे ती खुर्ची एकच आहे आणि तिथे एका वेळी एकच जण बसतो. वेगळा पार्ट झाला ना! हे मी नातीजवळ कबूल केलं. तिच्या बाईंजवळ नाही.

तू मात्र मुलांना आधी मराठीतच खेळव. तुला ते 'गोड' लक्षात ठेव म्हटलं होतं. काल मी नातीला घेऊन बहादुराकडे गेले होते. दुकान अजून तिथेच, चार पावलांवर. अटलजींना इथले लाडू फार आवडायचे, हे ऐकल्याशिवाय ग्वाल्हेरमध्ये कोणाला तिथला लाडू खायला मिळत नाही. साजूक तुपातला बुंदीचा लाडू, गरम, द्रोणात. पाहताना तो घट्ट दिसतो आणि बोट लावलं की कोसळतो. मी म्हटलं, हा गोड लाडू. विशेषण, ती म्हणाली. मला गोड आवडतं? थोडा विचार करून, नाम. गोड बोल? तिने लाडूचा अर्धा भाग तोंडात टाकला आणि बोलायला जागाच ठेवली नाही. गल्ल्यावरचे काका आमच्याकडे बघत होते. एक बोट दाखवून ती कसंबसं म्हणाली, "ॲडव्हर्ब. एक और दे दो अंकल."

संक्रांतीला तुमच्या मंडळात तिळगूळ वाटलेलाच असेल. पुढच्या रविवारी 'गोड' या एका शब्दावर तास घे. 'वर' घे, 'मागे' घे. 'अगबाई' घे, म्हणजे केवलप्रयोगीही होऊन जाईल. तुझ्या नातवाच्या तोंडी तिकडे 'वाव' असेल. आमच्या शेजारचा पोरगा उदाहरण म्हणून 'अबे यार' लिहून आला. मी बरोबरची खूण केली.

गजकाचा डबा टपालाने पाठवते आहे. मागच्या वेळी चुरा झाला होता, या वेळी कापसात बांधला आहे. चुरा झालाच तर दुधात घालून खा, चांगला लागतो.

चंदेरीवाल्याकडे उद्या जाते. पण तू नुसतं 'लाइट हवी' म्हणालीस. रंगाने लाइट की वजनाने? दोन्हीकडे ते विशेषणच आहे, म्हणजे इथे माझं व्याकरण काही कामाचं नाही. फोन कर.

तुझी,
शकू

ता. क. फिक्या रंगात दोन आहेत, एक मोतिया, एक कैरीसारखी. दोन्ही वजनाला हलक्या. पण मरून रंगातही एक आहे, आणि ती मी उन्हात धरून पाहिली आहे.